लोकल क्लस्टर उघडण्याची आणि बंद करण्याची जबाबदारी कोणत्या कोडची?

प्रश्न

नमस्कार. पार्के फाइली (स्तंभवार साठवलेले तक्ते) वाचून त्यांतल्या नोंदी स्वच्छ करणारी आणि गटवार सारांश काढणारी एक छोटी पायथन लायब्ररी आमचा गट सांभाळतो. त्यातले जड काम डास्ककडे, म्हणजे गणनेचे तुकडे पाडून ते समांतर चालवणाऱ्या पायथन लायब्ररीकडे, दिलेले आहे. अनेक यंत्रांचा क्लस्टर आमच्याकडे नाही आणि सध्या त्याची गरजही नाही. १६ कोअर आणि ६४ जीबी मेमरी असलेल्या एकाच यंत्रावर डास्कचा लोकल क्लस्टर (त्याच यंत्रावर काम वाटून घेणाऱ्या प्रोसेसांचा गट) उघडला की आमचे भागते.

लायब्ररीच्या मुख्य फंक्शनमध्ये सुरुवातीलाच डास्कचा क्लायंट (आपला कोड क्लस्टरला जोडणारा ऑब्जेक्ट) क्लस्टरचा पत्ता न देता तयार होतो, त्यामुळे लोकल क्लस्टर आपोआप उभा राहतो. वापरणाऱ्याला डास्कची काहीही माहिती नसली तरी त्याचे काम व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. आता ही लायब्ररी तीन ठिकाणी वापरली जाते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी अडचण दिसते.

नोटबुकमध्ये तोच सेल पुन्हा चालवला की ८७८७ हे पोर्ट आधीच वापरात असल्याची सूचना येते, डास्कचा डॅशबोर्ड (कामाची स्थिती दाखवणारे वेब पान) कुठल्यातरी दुसऱ्याच पोर्टवर जातो, आणि काही वेळाने सगळे यंत्र मेमरीअभावी अडकते. पायटेस्ट या साधनाने लिहिलेल्या चाचण्या एकामागून एक चालवल्या तर नीट पार पडतात, परंतु एक्सडिस्ट या त्याच्या प्लगइनच्या साहाय्याने समांतर चालवल्या की त्यांतल्या काही वेळमर्यादा ओलांडून अयशस्वी होतात, आणि त्या दर वेळी वेगळ्या असतात. तिसरे ठिकाण म्हणजे रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट. तिला ठरलेल्या वेळेत काम संपवता आले नाही तर ती बाहेरून थांबवली जाते, आणि त्यानंतर डास्कच्या तात्पुरत्या फाइली डिस्कवर तशाच पडून राहतात. प्रत्येक रात्रीसाठी आम्ही तारखेच्या नावाची वेगळी डिरेक्टरी देतो, तरीही जागा भरत जाते.

क्लायंट बंद करणे, क्लस्टर बंद करणे आणि शटडाउन करणे या तिन्ही सोयी उपलब्ध आहेत, पण त्यांपैकी कोणती कुठे वापरावी याबद्दल आमच्या गटात एकमत नाही. क्लस्टर लायब्ररीनेच उघडावा आणि बंद करावा, की ते काम पूर्णपणे वापरणाऱ्यावर सोपवावे? चाचण्यांसाठी प्रत्येक चाचणीला नवा क्लस्टर असावा, की सर्वांना मिळून एक? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही अडचणींचे मूळ बव्हंशी एकच आहे: क्लस्टर कोणाच्या मालकीचा आहे, हे तुमच्या कोडमध्ये कुठेच ठरलेले नाही. फंक्शन तो उघडते आणि निघून जाते. बंद करण्याची वेळ येते तेव्हा तो हातात असलेला कोणीच उरत नाही.

आधी लोकल क्लस्टर म्हणजे नेमके काय उभे राहते ते पाहू, कारण बंद करण्याचे नियम त्यावरून आपोआप कळतात. कामांची वाटणी करणारा शेड्युलर तुमच्या मूळ पायथन प्रोसेसमध्येच चालतो. ती कामे प्रत्यक्ष करणाऱ्या प्रत्येक वर्करसाठी एक नॅनी असते. तीही मूळ प्रोसेसमध्येच राहते आणि वर्करची स्वतंत्र प्रोसेस सुरू करणे, तिच्यावर लक्ष ठेवणे, ती मेली तर नवी उभी करणे ही कामे करते. क्लायंट हा या सगळ्यापासून वेगळा असून तो केवळ शेड्युलरशी जोडलेला दुवा आहे. एकाच क्लस्टरला अनेक क्लायंट जोडलेले असू शकतात, आणि त्यांतला एक निघून गेल्याने क्लस्टर बंद व्हावा असे कोणालाच नको असते.

म्हणून क्लायंटची क्लोज ही मेथड दोन परिस्थितींत वेगवेगळी वागते. पत्ता न देता क्लायंट तयार केला असेल तर त्यानेच क्लस्टर उभा केलेला असतो, आणि क्लोज म्हटल्यावर तो त्या क्लस्टरलाही बंद करतो. याउलट आधीच उघडलेला क्लस्टर तुम्ही क्लायंटच्या हाती दिला असेल, तर क्लोजने फक्त दुवा तुटतो आणि क्लस्टर चालू राहतो. शटडाउन मात्र असा भेद करत नाही: ते शेड्युलर आणि सगळे वर्कर बंद करते, मग दुसऱ्या कोणाचे काम त्यांच्यावर चालू असो वा नसो. लायब्ररीच्या आतून शटडाउन कधीही बोलावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपण वापरत असलेला क्लस्टर आपल्या एकट्याचा आहे याची खात्री लायब्ररीला कधीच नसते.

आता तुमच्या नोटबुकची मेमरी का भरते ते पाहा. १६ कोअरच्या यंत्रावर डास्क स्वतःहून ४ वर्कर आणि प्रत्येकी ४ थ्रेड अशी मांडणी निवडते, आणि ६४ जीबीची ४ वर्करांत विभागणी करून प्रत्येकाला सुमारे १६ जीबीची मर्यादा देते. वर्करची मेमरी त्या मर्यादेच्या ६० ते ७० टक्क्यांपर्यंत पोहोचली की तो डेटा डिस्कवर काढू लागतो, ८० टक्क्यांना नवी कामे घेणे थांबवतो, आणि ९५ टक्क्यांना नॅनी त्याला मारून नवा उभा करते. एकच क्लस्टर असताना ही सगळी रचना चोख काम करते. पण सेल पुन्हा चालवल्याने दुसरा क्लस्टर उभा राहिला की तोही संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे धरून चालतो. मग ६४ जीबीच्या यंत्रावर १२८ जीबीचे वाटप झालेले असते, एकही वर्कर आपल्या मर्यादेच्या जवळ पोहोचलेला नसतो, आणि तरीही ऑपरेटिंग सिस्टीमची मेमरी संपते. डास्कचे संरक्षण अशा वेळी चालतच नाही, कारण प्रत्येक क्लस्टरच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. जुना क्लायंट कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेकडून कधीतरी बंद होईल, यावर विसंबू नका; परत दिलेल्या निकालात डास्कचे फ्यूचर ऑब्जेक्ट (क्लस्टरवरील निकालाकडे नेणारे दुवे) असतील तर तेच क्लायंटला धरून ठेवतात, आणि नोटबुक स्वतः सेलचे जुने निकाल जपून ठेवते.

आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. नवा क्लायंट तयार होताच तो संपूर्ण प्रोसेससाठी डास्कचा नेहमीचा शेड्युलर बनतो. म्हणजे तुमच्या फंक्शनने आत क्लायंट उघडला की वापरणाऱ्याने इतरत्र, तुमच्या लायब्ररीशी काहीही संबंध नसताना बोलावलेले कम्प्यूट (डास्कची गणना चालवणारी मेथड) सुद्धा तुमच्या क्लस्टरवर जाऊ लागते. आयात केलेल्या फंक्शनने वापरणाऱ्याच्या इतर गणनांची दिशा न विचारता बदलणे मला योग्य वाटत नाही.

माझी सूचना अशी आहे. मुख्य फंक्शनला क्लायंट हा ऐच्छिक आर्ग्युमेंट द्या. तो मिळाला तर तोच वापरा आणि त्याला बंद करण्याचा विचारही करू नका, कारण तो उसना आहे. मिळाला नाही तर सध्या चालू असलेला क्लायंट आहे का ते डास्कला विचारा. तो सापडला तर तोही उसनाच. काहीच नसेल तेव्हा मात्र स्वतः क्लस्टर उघडा, आणि तो स्वतः उघडला म्हणून फंक्शन संपताना, अपवाद उद्भवला तरीही, स्वतःच बंद करा. या तिन्ही शक्यता एकाच ठिकाणी नीट हाताळण्यासाठी पायथनच्या कॉन्टेक्स्टलिबमधील एक्झिटस्टॅक उत्तम आहे: स्वतः उघडलेली गोष्ट त्यात नोंदवायची, उसनी गोष्ट नोंदवायची नाही, बाहेर पडताना जे नोंदवले तेवढेच बंद होते. नोंदवण्याचा क्रम आधी क्लस्टर आणि मग क्लायंट असा ठेवा, म्हणजे बंद होताना तो उलटा होतो आणि क्लायंट आधी सुटतो. क्लस्टर आधी बंद झाला तर बिचारा क्लायंट तुटलेला दुवा पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करत राहतो आणि लॉगमध्ये घाबरवणाऱ्या चुका दिसतात, ज्यांचा तुमच्या गणनेशी काही संबंध नसतो.

याच्या जोडीने परत देण्याच्या निकालाकडेही पाहावे लागेल. परसिस्ट केलेला, म्हणजे मोजून क्लस्टरवरच ठेवलेला, डेटाफ्रेम वर्करांच्या मेमरीत राहतो. क्लस्टर बंद झाला की तो डेटा गेला, आणि वापरणाऱ्याच्या हाती नुसते टरफल उरते. म्हणून स्वतः उघडलेल्या क्लस्टरवर काम करणाऱ्या फंक्शनने एकतर पूर्ण मोजलेला निकाल परत द्यावा, किंवा तो फाइलीत लिहून फाइलीचा मार्ग परत द्यावा, किंवा अजून न मोजलेला निव्वळ ग्राफ (करायच्या गणनांचा आराखडा) परत द्यावा. परसिस्ट केलेले काहीही परत द्यायचे असेल तर क्लस्टरची मालकी वापरणाऱ्याकडेच असली पाहिजे.

नोटबुकमध्ये विथ ब्लॉकचा (जो संपताना उघडलेली गोष्ट आपोआप बंद करतो) फारसा उपयोग नाही, कारण तो सेल संपताच संपतो आणि आपल्याला तर क्लस्टर पुढच्या सेलांतही हवा असतो. तिथे क्लस्टर वेगळ्या सेलमध्ये उघडावा, आधीचा क्लायंट सापडला तर तोच वापरावा, आणि मेमरी मोकळी करायची असेल तेव्हा नवा क्लस्टर उघडण्याऐवजी क्लायंटचे रीस्टार्ट बोलवावे. त्याने वर्कर पुन्हा सुरू होतात, शेड्युलर आणि डॅशबोर्डचा पत्ता तोच राहतो. दिवसभर एकाच डेटावर काम करणाऱ्यांनी तर शेड्युलर आणि वर्कर टर्मिनलमधून स्वतंत्रपणे सुरू करून ८७८६ या पोर्टवर नोटबुक जोडणे अधिक सोयीचे, कारण मग नोटबुकचा कर्नल पुन्हा सुरू केला तरी क्लस्टर जागेवरच राहतो.

उत्तर २

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. लायब्ररीने चालू क्लायंट स्वतःहून शोधावा, हे मला पटत नाही. शोधून सापडलेला क्लायंट कोणत्या क्लस्टरचा आहे, त्यावर आधीच किती भार आहे, तो दुसऱ्या लायब्ररीने आपल्या अंतर्गत कामासाठी उघडलेला तर नाही ना, यांतले काहीच लायब्ररीला कळत नाही. दिलेला क्लायंट वापरावा, नाहीतर स्वतःचा उघडून बंद करावा, अशा दोनच वाटा ठेवल्या तर कोड वाचणाऱ्याला कोणती वाट घेतली जाईल हे लगेच सांगता येते. अपवाद एकच: डास्कच्या टास्कच्या (वर्करवर चालणाऱ्या कामाच्या तुकड्याच्या) आतून तुमचे फंक्शन बोलावले जाण्याची शक्यता असेल, तर तिथे चालू क्लायंट घेणेच योग्य आहे. वर्कर प्रोसेस नेहमीच्या सेटिंगमध्ये डीमन स्वरूपाच्या असतात आणि पायथन अशा प्रोसेसना मल्टिप्रोसेसिंगद्वारे मुले निर्माण करू देत नाही, त्यामुळे आत नवा लोकल क्लस्टर उघडण्याचा प्रयत्न तसाही फसतो.

आता चाचण्यांबद्दल. प्रत्येक चाचणीला नवा क्लस्टर देणे वैचारिकदृष्ट्या स्वच्छ असले तरी परवडत नाही. डास्क वर्कर प्रोसेस स्पॉन पद्धतीने सुरू करते, म्हणजे प्रत्येक वर्करला पायथन नव्याने सुरू करून सगळी मॉड्यूल पुन्हा आयात करावी लागतात, आणि पांडास व पायॲरो यांसारखी वजनदार मॉड्यूल असतील तर हा वेळ चाचणीच्या मूळ कामापेक्षा सहज जास्त होतो. म्हणून संपूर्ण सत्रासाठी एकच क्लस्टर उघडणारे सेशन पातळीचे फिक्स्चर (चाचण्यांची पूर्वतयारी करणारे पायटेस्टचे फंक्शन), आणि त्याला जोडला जाणारा पण प्रत्येक चाचणीसाठी नवा असलेला क्लायंट, ही रचना मी वापरतो. क्लायंट सुटला की त्याने धरलेले फ्यूचर सुटतात, त्यामुळे एका चाचणीचा डेटा दुसरीत सहसा झिरपत नाही, आणि तरीही क्लस्टर एकदाच उघडतो.

एक्सडिस्टमुळे होणाऱ्या अडचणीचे कारण असे की त्यातील प्रत्येक वर्कर ही स्वतंत्र पायटेस्ट प्रोसेस असते, आणि सेशन पातळीचे फिक्स्चर प्रत्येक प्रोसेसमध्ये स्वतंत्रपणे चालते. १६ कोअरवर एक्सडिस्टला १६ प्रोसेस दिल्या आणि प्रत्येकीने ४ वर्करांचा क्लस्टर उघडला, तर ६४ वर्कर प्रोसेस आणि २५६ थ्रेड १६ कोअरसाठी भांडू लागतात. कोणत्या चाचणीची वेळमर्यादा संपेल हे मग केवळ नशिबावर ठरते, आणि म्हणूनच तुम्हाला दर वेळी वेगळी चाचणी अयशस्वी होताना दिसते. चाचणीतल्या क्लस्टरला वर्करांची आणि थ्रेडची संख्या नेहमी स्वतः द्या, १ किंवा २ पुरेसे होतात. मेमरीची मर्यादाही स्वतः द्या. आणि डॅशबोर्ड बंद ठेवा किंवा त्याला शून्य क्रमांकाचे पोर्ट द्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम मोकळे पोर्ट निवडते आणि ८७८७ वरून वाद होत नाही.

बऱ्याच चाचण्यांसाठी वेगळ्या प्रोसेस नको असे सांगून क्लस्टर उघडता येतो. तेव्हा शेड्युलर, वर्कर आणि चाचणी एकाच प्रोसेसमध्ये राहतात, उघडणे जवळजवळ तत्काळ होते आणि डीबगरही नीट चालतो. मात्र त्यात डेटा एका प्रोसेसमधून दुसरीत पाठवण्याचा प्रसंगच येत नसल्याने पिकल न होणारे (पाठवण्यासाठी बाइटांत न बदलता येणारे) ऑब्जेक्ट, फक्त मूळ प्रोसेसमध्ये असलेले ग्लोबल व्हेरिएबल, उघड्या फाइलीचे हँडल अशा चुका लपून राहतात. म्हणून आपल्या गणनेच्या मुख्य वाटांच्या निदान काही चाचण्या खऱ्या प्रोसेसांवर चालवाव्यात, आणि त्यांना वेगळे मार्कर द्यावे. प्रोसेस नसलेल्या क्लस्टरची आणखी एक मर्यादा बंद करताना जाणवते: पायथनमध्ये चालू थ्रेड बाहेरून मारता येत नाही, त्यामुळे अडकलेले टास्क थांबवण्याचा मार्गच नसतो. वेगळ्या प्रोसेस असल्या तर नॅनी थोडा वेळ वाट पाहून ती प्रोसेसच संपवते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. मालकीचा मुद्दा आता स्पष्ट झाला. चालू क्लायंट शोधण्याबाबत आम्ही दुसऱ्या उत्तराचा मार्ग घेऊ, कारण आमच्या लायब्ररीची फंक्शने टास्कच्या आतून बोलावली जात नाहीत.

रात्रीच्या स्क्रिप्टबद्दलची शंका मात्र उरली आहे. विथ ब्लॉक घातला तरी बाहेरून थांबवल्यावर तो पूर्ण होतो का? ती स्क्रिप्ट कंटेनरमध्ये चालते आणि एका छोट्या शेल स्क्रिप्टमधून सुरू केली जाते. शिवाय आमच्या गटातले काही जण याच कामासाठी पायस्पार्क (स्पार्क ही समांतर गणनेची यंत्रणा पायथनमधून वापरण्याची सोय) वापरतात, आणि रे ही तशीच आणखी एक यंत्रणा वापरून पाहण्याचाही विचार आहे. तिथेही हेच नियम लागू पडतात का?

उत्तर ३

सिग्नलांबद्दल, म्हणजे प्रोसेसला थांबण्यासाठी बाहेरून येणाऱ्या संदेशांबद्दल, मी लिहितो.

कीबोर्डवरून थांबवताना सिगइंट येतो, पायथन त्याचे रूपांतर कीबोर्डइंटरप्ट या अपवादात करते, आणि विथ ब्लॉक व फायनली दोन्ही व्यवस्थित पार पडतात. म्हणूनच हाताने तपासताना सगळे ठीक दिसते. बाहेरची यंत्रणा मात्र बहुधा सिगटर्म पाठवते, आणि त्यासाठी पायथनने स्वतःहून काहीही ठेवलेले नाही: प्रोसेस तिथल्या तिथे संपते, विथ ब्लॉकचा शेवट चालत नाही आणि एटएक्झिटमध्ये (प्रोग्रॅम संपताना चालवण्यासाठी) नोंदवलेली फंक्शनेही चालत नाहीत. उपाय सोपा आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सिगटर्मसाठी हँडलर लावा आणि त्यात सिसएक्झिट बोलवा. त्यातून सिस्टीमएक्झिट हा अपवाद निर्माण होतो आणि स्टॅक नेहमीप्रमाणे उलगडत जातो. हा हँडलर स्क्रिप्टमध्येच असावा, लायब्ररीत नव्हे, कारण सिग्नल संपूर्ण प्रोसेसचे असतात आणि प्रोसेसची मालक स्क्रिप्ट आहे.

कंटेनरमध्ये यात दोन गोष्टींची भर पडते. प्रोसेस क्रमांक १ ला लिनक्स वेगळी वागणूक देते: तिने सिगटर्मसाठी हँडलर लावलेला नसेल तर तो सिग्नल तिच्यापुरता दुर्लक्षितच राहतो. तुमच्या बाबतीत क्रमांक १ वर शेल असणार, आणि शेल आपल्या मुलाकडे सिग्नल पुढे पाठवत नाही. मग डॉकरचा स्टॉप हा आदेश नेहमीच्या सेटिंगनुसार १० सेकंद थांबतो, कुबरनेटीस ३० सेकंद थांबते, आणि त्यानंतर सिगकिल येतो, ज्यावर कोणताही कोड चालू शकत नाही. शेल स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत पायथनचा आदेश एक्झेक लावून सुरू करा, म्हणजे शेलची जागा पायथन घेईल आणि सिग्नल थेट तुमच्या हँडलरपर्यंत पोहोचेल. स्क्रिप्ट संपल्यावर आलेला कोड १४३ असेल तर ती सिगटर्मने संपली आणि १३७ असेल तर सिगकिलने, एवढे लक्षात ठेवले तरी लॉग वाचताना बराच उलगडा होतो. १३७ हा कोड मेमरी संपल्यामुळे कर्नलने मारल्यावरही येतो, म्हणून त्याचा अर्थ लावताना वेळमर्यादेबरोबर मेमरीकडेही पाहावे.

सिगकिलनंतर डास्कचे वर्कर अनाथ होऊन चालत राहतील ही भीती सहसा निराधार ठरते. प्रत्येक वर्कर प्रोसेस पालक प्रोसेसशी जोडलेल्या एका पाइपवर लक्ष ठेवते आणि पालक गेला की स्वतःही संपते. मात्र तुमच्या टास्कने सबप्रोसेस वापरून बाहेरचा एखादा प्रोग्रॅम सुरू केला असेल, तर तो या व्यवस्थेत येत नाही; तो मागे राहू शकतो.

आता डिस्कवरच्या फाइलींकडे येतो, कारण इथे तुमची तारखेची डिरेक्टरीच कारणीभूत आहे. वर्कर आपल्या तात्पुरत्या जागेत स्वतःची उपडिरेक्टरी आणि तिच्यासोबत एक लॉक फाइल तयार करतो. पुढच्या वेळी त्याच मूळ डिरेक्टरीत नवा वर्कर सुरू झाला की तो आधीच्या उपडिरेक्टऱ्यांचे लॉक तपासतो आणि ज्यांचा धनी जिवंत नाही त्या पुसून टाकतो. अचानक मेलेल्या क्लस्टरचा कचरा पुढचा क्लस्टर साफ करतो, अशी ही योजना आहे. पण तुम्ही दररोज नवी मूळ डिरेक्टरी देत असल्याने कालच्या कचऱ्याकडे आज कोणी पाहतच नाही. तारीख काढून टाका आणि एकच कायमची डिरेक्टरी द्या. ती लोकल डिस्कवर असावी. नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर लॉकचा भरवसा धरता येत नाही, आणि मेमरीत राहणाऱ्या फाइल सिस्टीमवर ती ठेवली तर मेमरी वाचवण्यासाठी डिस्कवर काढलेला डेटा पुन्हा मेमरीतच जाऊन बसतो.

आणखी एक सूचना. क्लस्टर उघडणारी ओळ मुख्य मॉड्यूल म्हणून चालत असल्याची खात्री करणाऱ्या इफच्या आतच ठेवा. स्पॉन पद्धतीत प्रत्येक वर्कर तुमची मूळ फाइल पुन्हा आयात करतो; तो इफ नसेल तर वर्कर स्वतःच नवा क्लस्टर उघडू पाहतो आणि रनटाइमएरर येऊन सगळे कोसळते.

उत्तर ४

पायस्पार्कमध्ये तत्त्व तेच आहे, पण जिथे क्लस्टर राहतो ती जागा वेगळी असल्याने त्याचे परिणाम वेगळे दिसतात.

लोकल मोडमध्ये प्रत्यक्ष काम करणारा एक्झिक्युटर वेगळ्या प्रोसेसमध्ये नसतो. तो ड्रायव्हरच्याच, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमच्याच, जेव्हीएममध्ये (जावाचा कोड चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) थ्रेडच्या रूपाने चालतो. म्हणून तिथे एक्झिक्युटर मेमरीची सेटिंग वाढवून काहीच होत नाही, ड्रायव्हर मेमरी वाढवावी लागते, आणि ती जेव्हीएम सुरू होण्याआधीच ठरते. सेशनचे स्टॉप बोलावल्यावर स्पार्क कॉन्टेक्स्ट बंद होतो, परंतु पायथनने सुरू केलेली जेव्हीएम मात्र पायथन प्रोसेस संपेपर्यंत जिवंत राहते. त्यामुळे नोटबुकमध्ये स्टॉप करून मेमरीची नवी मर्यादा देऊन सेशन पुन्हा उघडले, तरी जुनीच जेव्हीएम आणि जुनीच मर्यादा कायम राहते. कर्नल पुन्हा सुरू करण्यावाचून इलाज नाही.

एका जेव्हीएममध्ये एका वेळी एकच स्पार्क कॉन्टेक्स्ट चालू शकतो, आणि गेटऑरक्रिएट चालू असलेले सेशन असेल तर तेच परत देते. याचा अर्थ, नुकताच इथे चर्चिला गेलेला चालू क्लायंट शोधावा की नाही हा वाद स्पार्कने तुमच्यासाठी आधीच निकाली काढलेला आहे. पण म्हणूनच लायब्ररीच्या आतून स्टॉप बोलावणे इथे अधिक घातक ठरते, कारण ज्याला तुम्ही आपले समजता ते सेशन बहुधा वापरणाऱ्याचेच असते. गेटऑरक्रिएटला दिलेल्या नव्या सेटिंगांपैकी एसक्यूएलच्या चालू असताना बदलता येणाऱ्या सेटिंग लागू होतात; कोअर, मेमरी यांसारख्या उघडतानाच ठरणाऱ्या सेटिंग लागू होत नाहीत. लायब्ररीने सेशन आर्ग्युमेंट म्हणून घ्यावे, हाच मार्ग इथे सरळ आहे.

चाचण्यांसाठी सेशन पातळीचे एकच फिक्स्चर ठेवा, शफल पार्टिशनची (गटवार फेरवाटपानंतर होणाऱ्या डेटाच्या भागांची) संख्या नेहमीच्या २०० वरून अगदी कमी करा, आणि वेब इंटरफेस बंद ठेवा. तो चालू राहिला तर ४०४० हे पोर्ट व्यापलेले असल्यास स्पार्क पुढचे पुढचे पोर्ट वापरून पाहते, परंतु १६ प्रयत्नांनंतर थांबते आणि सेशनच उघडत नाही. बऱ्याच समांतर प्रोसेस असल्या की ही मर्यादा खरोखर गाठली जाते. हाइव्हचा आधार (तक्त्यांची कायमची नोंद ठेवण्याची सोय) चालू केलेला असेल तर चालू डिरेक्टरीत डर्बी या छोट्या डेटाबेसचा मेटास्टोअर (ती नोंदवही) तयार होतो आणि तो एका वेळी एकाच प्रोसेसला उघडता येतो, म्हणून समांतर चाचण्यांत प्रत्येक प्रोसेसला वेगळी डिरेक्टरी लागते. लोकल मोड अयशस्वी टास्क पुन्हा चालवत नाही, तर क्लस्टरवर ते एकूण ४ वेळा चालवून पाहिले जाते. फेरप्रयत्नावर अवलंबून असलेले वर्तन तपासायचे असेल तर मास्टरच्या पत्त्यातच प्रयत्नांची संख्या देता येते.

रेबद्दल थोडक्यात. पत्ता न देता इनिट बोलावले तर रे आधी पत्त्याचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहते, मग त्या यंत्रावर आधीच सुरू असलेला क्लस्टर शोधते, आणि काहीच न मिळाल्यास नवा उघडते. म्हणून चाचण्यांमध्ये नवा लोकल क्लस्टर हवा असेल तर पत्त्याच्या जागी लोकल असे स्पष्ट लिहावे, नाहीतर एखाद्या सहकाऱ्याच्या चालू कामाला आपल्या चाचण्या जाऊन चिकटतात. त्याच प्रोसेसमध्ये इनिट दुसऱ्यांदा बोलावल्यास रे चूक दाखवते, आणि ही चूक दुर्लक्षित करण्याची सोय असली तरी मी ती वापरत नाही. दुसरे इनिट कुठून आले हे शोधणेच हिताचे आहे. शटडाउन आपल्या प्रोसेसपुरते असते. टर्मिनलवरचा रे स्टॉप हा आदेश मात्र त्या यंत्रावरच्या रेच्या सगळ्या प्रोसेस थांबवतो, तेव्हा अनेकांच्या वापरातल्या यंत्रावर तो स्क्रिप्टमध्ये कधीही घालू नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे पुन्हा आभार. मुख्य फंक्शनमधून क्लायंट तयार करणारी ओळ आम्ही काढली आणि क्लायंट आर्ग्युमेंट म्हणून घेतला. तो न दिल्यास एक्झिटस्टॅक वापरून क्लस्टर उघडला आणि बंद केला जातो. चाचण्यांना २ वर्करांचा एक सामाईक क्लस्टर दिला आहे. रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये हँडलर आणि एक्झेक घातले. एकच विचारायचे राहिले: सिगटर्म आल्यानंतर क्लस्टर बंद होण्यासच १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर काय करावे?

उत्तर ३ च्या लेखकाकडून

दोन्ही बाजूंनी प्रयत्न करा. कंटेनरला थांबण्यासाठी दिलेली मुदत वाढवता येते, ती तुमच्या सर्वांत लांब टास्कचा विचार करून ठरवा. आणि टास्क लहान ठेवा: चालू टास्क मधेच अलगद थांबवता येत नाही, आणि थोडा वेळ वाट पाहूनही काम संपले नाही तर नॅनी ती प्रोसेसच संपवते. फाइलींचे वाटप अधिक बारीक पार्टिशनमध्ये केले तर प्रत्येक टास्क लवकर संपते. निकाल लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच मूळ नाव द्या, म्हणजे मुदत संपून सिगकिल आलाच तरी अर्धवट पार्के फाइल पुढच्या रात्रीच्या वाचनात येणार नाही. नाव बदलण्याची क्रिया एकाच फाइल सिस्टीमवर अखंडपणे होते. तात्पुरती फाइल दुसऱ्या डिस्कवर लिहून मग हलवली तर ही हमी राहत नाही, म्हणून ती अंतिम फाइलीच्याच डिरेक्टरीत लिहावी.